जुना हात, नवे यंत्र



हजारो तास विमान चालवलेला वैमानिकसुद्धा नव्या जातीच्या विमानावर पुन्हा विद्यार्थी होतो. परवान्यावर त्या जातीची वेगळी नोंद लागते. आधी वर्गात शिकायचे, मग सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच्या हुबेहूब खोलीत सराव करायचा. तिथे मुरलेला माणूसही अडखळतो. नवे शिकणे त्यामानाने सोपे. हाताची जुनी सवय मोडणे अवघड.

बोइंगच्या बहुतेक विमानांत यंत्रणेने इंजिनाचा जोर कमी-जास्त केला की हाताखालचा दांडाही सरकतो. हाताला आपोआप कळते. एअरबस ए-३२० मध्ये दांडा जागचा हलत नाही. जोर किती, हे पडद्यावर डोळ्यांनी वाचावे लागते.

इंडियन एअरलाइन्सने हे विमान १९८९ मध्ये आणले. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगलोरला उतरताना इंजिने मंदच राहिली, वेग घटत गेला. वैमानिकांना ते उमगून दांडा पुढे जाईपर्यंत उशीर झाला. १४६ पैकी ९२ जण दगावले.

ट्रॅक्टर बदलला की आपलेही असेच होते. गिअरची, हायड्रॉलिकच्या दांड्याची जागा बदलते. घाबरलेला हात मात्र जुन्याच जागी जातो. म्हणून नवा ट्रॅक्टर आला की लगेच ट्रॉली जोडू नका. दोन-चार दिवस मोकळ्या रानात चालवा. ब्रेक दाबणे, पी.टी.ओ. बंद करणे हातापायांत बसू द्या. वीस वर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्याने तर हे आधी करावे. सवय त्याचीच पक्की असते.