#१०० कोणाचा?

आमच्या नात्यागोत्यात सरळ दोन तट आहेत. अर्धे हिंजवडीला कीबोर्ड बडवतात, अर्धे भोसरी-चाकणला मशीनवर उभे असतात. लग्नकार्यात दोघे एका पंगतीला आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "तुमचं ते प्रोग्रॅमिंग आम्हाला काय कळणार!" गंमत म्हणजे हे म्हणणारा सीएनसीवरचा सेटर असतो, जो रोज प्रोग्रॅम लिहितो :) माझं तर मत आहे की व्हेरिएबलच्या स्कोपचा घोळ आयटीवाल्यांपेक्षा त्यालाच जास्त महागात पडतो.

स्कोप म्हणजे काय, ते आधी मावश्या-काकूंसाठी. प्रत्येक घरात हिशोबाची एक वही असते. तुमच्या वहीत 'दूध' लिहिलं तर ते तुमचंच दूध, शेजारणीचा त्याच्याशी संबंध नाही. हे झालं लोकल व्हेरिएबल. आता समजा, चाळीच्या गॅलरीत सगळ्यांसाठी एकच फळा टांगलाय. तुम्ही 'दूध ८' लिहून आत गेलात, शेजारणीने पुसून 'दूध १२' लिहिलं. महिनाअखेरीला बिल कोणाचं चुकणार? हे ग्लोबल.

आपल्याकडच्या मशीनवर फॅनुकचा कंट्रोल सर्रास दिसतो. त्याची मॅक्रोची जी भाषा आहे तिच्यात व्हेरिएबलला सहसा नाव नसतं, नंबर असतो. #१ ते #३३ लोकल, म्हणजे घरातली वही. #१०० पासूनचे सामाईक, म्हणजे गॅलरीतला फळा. #५०० पासूनचेही सामाईकच, पण ते मशीन बंद केलं तरी पुसले जात नाहीत.

आता बघा. एका फ्लँजवर आठ होल मारायचे आहेत. सेटरने लूप लावला आणि मोजणी #१०० मध्ये ठेवली. प्रत्येक होलनंतर चॅम्फरचा सबप्रोग्रॅम बोलावला. तो कोणीतरी दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला, आणि त्यानेही खोलीचा आकडा साठवायला #१०० च घेतलाय. पहिला होल झाला, चॅम्फर झाला, परत येऊन बघतो तर #१०० मध्ये १२. बारा आठापेक्षा मोठा, म्हणजे काम संपलं असं मशीनने ठरवलं! पुढचं टॅपिंग मात्र ठरलेल्या जागांवर होणार, तिथे सात होल नाहीतच. टॅप तुटला, जॉब गेला. दोन्ही प्रोग्रॅम वेगवेगळे चालवून बघा, एकातही चूक सापडणार नाही.

मग #१ वापरला तर? तो तर लोकल आहे ना? इथे खरी मेख आहे. जी ६५ ने मॅक्रो बोलावला तर त्याला नवी कोरी वही मिळते. पण एम ९८ ने सबप्रोग्रॅम बोलावला तर नवी वही मिळत नाही, तो तुमच्याच वहीत लिहितो. बोलावण्याची रीत बदलली की लोकलचा अर्थ बदलतो.

त्यात भर आपल्या गुरुवारच्या सुट्टीची. बुधवारी रात्री मशीन बंद होतं, शुक्रवारी सकाळी सुरू होतं. #१०० चे कप्पे रिकामे झालेले असतात, #५०० वाल्यांना मात्र बुधवारचं सगळं आठवत असतं. आणि रिकामा म्हणजे शून्य नव्हे बरं का! एक्सच्या पुढे रिकामं व्हेरिएबल आलं तर कंट्रोल तो एक्स वाचलाच नाही असं समजून पुढे जातो. अलार्म नाही, काही नाही. बुधवारी व्यवस्थित चाललेला प्रोग्रॅम शुक्रवारी वेगळाच वागतो, आणि मशीनवर उभ्या असलेल्या पोराला विचारलं जातं, "काय हात लावलास?"

हिंजवडीवाल्यांनी हसू नये. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला, त्यातही घोषणा न करता व्हेरिएबलला किंमत दिली की ते गुपचूप ग्लोबल व्हायचं. त्याला आवर घालणारा स्ट्रिक्ट मोड २००९ मध्ये आला आणि कंसापुरतं जगणारे 'लेट' आणि 'कॉन्स्ट' २०१५ मध्ये. पीएचपीत तर ब्राउझरमधून आलेली माहिती आपोआप ग्लोबल व्हायची. ती सोय २००२ मध्ये मुळात बंद ठेवली गेली आणि २०१२ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे जगभरच्या प्रोग्रॅमरांनी वर्षानुवर्षं ठेचा खाल्ल्या, तेव्हा चूक माणसाची कमी आणि भाषेच्या मुळातल्या सवयीची जास्त, हे मान्य झालं. भाषा सुधारली. कोणी त्यांचा दिवसाचा पगार कापला नाही.

मला खटकतं ते इथेच. आयटीत हाच प्रकार घडला की त्याला 'बग' म्हणतात, मीटिंग होते, चहा येतो. शॉपमध्ये घडला की त्याला 'निष्काळजीपणा' म्हणतात आणि तो बहुतेक वेळा तिसऱ्या पाळीतल्या कंत्राटी पोराच्या नावावर चढतो. त्याने मॅक्रो लिहिलेला नसतो, फक्त हिरवं बटण दाबलेलं असतं.

उपाय काही महाग नाहीत. कोणता नंबर कोणत्या प्रोग्रॅमचा, याची एक वही मशीनपाशी टांगा. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच आपले सामाईक नंबर स्वतः भरा, आधीच्याने काय ठेवलंय यावर विसंबू नका. ज्याला स्वतःची वही हवी त्याला जी ६५ नेच बोलवा. आणि आवश्यक व्हेरिएबल रिकामं असेल तर #३००० वापरून अलार्म द्या. मशीन जागच्या जागी थांबलं तर दोन मिनिटं जातात, पुढे गेलं तर स्पिंडल जाऊ शकतो.

पण त्याआधी मालकांनी एक गोष्ट मानायला हवी, की मॅक्रो लिहिणं हे प्रोग्रॅमिंग आहे. ते दोन जॉबच्या मधल्या दहा मिनिटांत उरकायचं काम नाही. सेटरला त्यासाठी वेळ द्या, त्याचं लिखाण दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा. आणि पुढच्या लग्नात पंगतीला बसाल तेव्हा, भोसरीवाल्यांनो, ते "आम्हाला काय कळणार" जरा बंद करा. #१०० ची भानगड सांगा आमच्या लोकांना. नक्की समजेल, आणि बहुतेक पानावरचा मठ्ठा तसाच राहील.