पडद्यावरच्या माणसाचे पोट कशावर चालते?

हिंदी सिनेमातला मुसलमान आपण सगळेच लहानपणापासून पाहत आलो आहोत. आधी तो शेरवानीतला नवाब होता, झुंबराखाली बसून शायरी ऐकणारा. मग तो नायकाचा जिवाला जीव देणारा दोस्त झाला आणि बहुधा शेवट यायच्या आधीच मरून गेला. पुढे तो मुंबईचा भाई झाला, आणि नंतर बंदूक घेतलेला अतिरेकी. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. या माणसांचे पोट कशावर चालते, हे कधी कळत नसे. दुकानाचे भाडे, मुलांची फी, अब्बांचे गुडघ्याचे दुखणे, बहिणीच्या लग्नाची तजवीज, यांतले काही त्यांच्या मागे नसायचेच.

म्हणून हल्ली आम्ही सिनेमा पाहताना तीन साधे प्रश्न विचारतो. हा माणूस काम काय करतो? घरात पैसा कुठून येतो? त्याचा शेजारी कोण? यंदा ओटीटीवर आमच्या घरी पाहिलेल्या तीन सिनेमांना हे प्रश्न लावून बघू.

पहिला रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'. मालेगाव म्हटले की बातम्यांत दंगल आणि बॉम्बस्फोट एवढेच येते. या सिनेमात येतात ते यंत्रमाग, व्हिडिओ पार्लर आणि शुक्रवारच्या सुट्टीत सिनेमाला गर्दी करणारे कामगार. नासिर शेख या तरुणाची ही खरी गोष्ट. पार्लर चालवता चालवता त्याने गावातल्याच दोस्तांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. त्याचा मित्र शफीक मागावर राबतो आणि मनात हिरो व्हायचे स्वप्न बाळगतो. फरोग लेखक आहे, आणि सिनेमात लेखकाला कुणी विचारत नाही म्हणून जळतो. यश आल्यावर दोस्तांमध्ये पैशावरून आणि नावावरून जी तेढ पडते, ती आपल्याकडे भागीदारीत धंदा केलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. पुढे शफीकला कॅन्सर होतो आणि त्याच्यासाठी सगळे पुन्हा एकत्र येतात.

ज्यांना हा सिनेमा आवडेल त्यांनी फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपटही शोधून पाहावा. त्यात खरा नासिर आणि खरा शफीक दिसतात. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे काम सायकलवर आणि क्रेनचे काम बैलगाडीवर कसे भागवले, तेही दिसते. नव्या सिनेमापेक्षा आम्हाला तो थोडा जास्तच भावला, कारण त्यात रडवण्याचा आटापिटा नाही.

दुसरा नीरज घायवान यांचा 'होमबाउंड'. ऑस्करसाठी भारताकडून हाच सिनेमा पाठवला गेला. 'मसान' करणाऱ्या या दिग्दर्शकाने पत्रकार बशारत पीर यांच्या २०२० सालच्या एका लेखावरून तो बेतला आहे. उत्तरेतल्या एका खेड्यातले दोन मित्र, मोहम्मद शोएब आणि चंदन. चंदन दलित. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण वर्दी अंगावर आली की कुणी नाव विचारून तोंड वाकडे करणार नाही, असे दोघांनाही वाटते. चंदन परीक्षा पास होतो, शोएब होत नाही, आणि दोस्तीत पहिली चीर तिथे पडते. पुढे पोटासाठी दोघे सुरतच्या कापड गिरणीत पोहोचतात आणि टाळेबंदी लागते. घरी परतताना काय होते ते आम्ही सांगत नाही. मे २०२० मध्ये रस्त्याच्या कडेला मित्राचे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या एका तरुणाचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. ही त्याचीच गोष्ट.

यात एक प्रसंग आहे. शोएब एका ऑफिसात नोकरीला लागलेला असतो. भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री साहेबाच्या घरी सगळे जमतात, आणि थट्टेच्या नावाखाली त्याला बोलणी ऐकावी लागतात. कुणी मारत नाही, कुणी हाकलत नाही, सगळे हसत असतात. आमच्या घरात तो प्रसंग चालू असताना कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मान खाली घातली. अम्मींनी त्याला काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला. एवढे काम सिनेमाने केले तरी पुष्कळ.

तिसरा सुपर्ण वर्मा यांचा 'हक़'. शाहबानो खटल्यावरून प्रेरणा घेतलेला. यामी गौतम आणि इम्रान हाश्मी दोघांनीही जीव ओतून काम केले आहे. वकील नवरा नुसता खलनायक केलेला नाही, आणि लेकीच्या पाठीशी उभा राहणारा बाप स्वतः मौलवी आहे, ही जमेची बाजू. तरी आमची एक तक्रार आहे. सिनेमाचा मोठा भाग तरुण जोडप्याचे प्रेम, सवत आणि मत्सर यांत जातो. इंदूरच्या खऱ्या शाहबानोचा निकाह १९३२ चा. १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढले. तिने महिना ५०० रुपये मागितले. खालच्या कोर्टाने दिले २५. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. नवऱ्याने अपील केले, आणि २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. त्रेचाळीस वर्षे संसार केलेल्या बाईने महिना पंचवीस रुपयांत कसे जगायचे, हा मूळ प्रश्न होता. समाज, कायदा, राजकारण यांचा गदारोळ नंतरचा. त्या म्हाताऱ्या बाईच्या पिशवीतला हिशोब सिनेमात आला असता, तर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना थोडे गप्प बसावे लागले असते.

आता थोडे आपल्या मराठीकडे. दूरदर्शनवर १९८६ च्या सुमारास 'नुक्कड' लागायची. त्यातला कादरभाई आमच्या पिढीला अजून आठवतो. त्याचे हॉटेल होते, चहा होता, थकलेली उधारी होती. तो मुसलमान आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि त्यावरून गोष्ट अडत नव्हती. मराठी मालिकांत असा कादरभाई आम्हाला शोधूनही सापडत नाही. सासू-सुनांची एवढी घरे रोज रात्री उघडतात, पण त्या घरांच्या शेजारी एकही अत्तार किंवा मुलाणी राहत नाही. मराठी सिनेमा मुसलमानाच्या घरात शिरला तो शिवाजी लोटन पाटील यांच्या 'हलाल'मध्ये. राजन खान यांच्या कथेवरचा हा सिनेमा मनापासून केलेला आहे, पण तोही आत गेला तलाकच्याच दारातून.

आपल्याकडे तर आडनावांतच धंदे आहेत. बागवान फळबाजारात, तांबोळी पानाच्या गादीवर, शिकलगार धार लावायला, पिंजारी गाद्या भरायला. कोकणात घरटी एक माणूस आखातात किंवा बोटीवर. ही माणसे घराबाहेर मराठी बोलतात, पुष्कळशी घरातही. यांच्यावर मालिका लिहायची तर विषय शोधावा लागणार नाही, सकाळी मंडईत जाऊन उभे राहिले तरी पुरे. बाहेरचे लेखक ते करतील तेव्हा करतील. आपल्या घरातली मुले-मुली मोबाइलवर रोज काही ना काही चित्रित करतातच. त्यांनी एकदा अब्बांच्या दुकानातला एक दिवस टिपून पाहावा. मालेगावच्या पोरांकडे याहून कमी साधने होती.

शेवटी नेहमीप्रमाणे, कुणी काय पाहावे. 'सुपरबॉईज' प्राइमवर आहे. दोस्तांच्या तोंडी अधूनमधून शिव्या आहेत, तेवढे सांभाळून मोठ्या मुलांसोबत जरूर पाहा. 'होमबाउंड' नेटफ्लिक्सवर आहे. लहान मुले झोपल्यावर पाहा आणि पाहून झाल्यावर लगेच टीव्ही बंद करून उठू नका. कॉलेजातली मुले सोबत असतील तर थोडे बसा. 'हक़'ही नेटफ्लिक्सवरच. तो नवरा-बायकोने एकत्र पाहावा, आणि लेकीचा निकाह ठरत असेल तर तिच्या अब्बांनी आधी पाहावा. मेहेरची रक्कम ठरवताना लग्नाच्या खर्चाइतकाच विचार होतो का, एवढा एक प्रश्न घरात निघाला तरी आमचे समाधान आहे.