निजण्याआधी टोप

दिवाळी सरली की गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या गिरिभ्रमण मंडळांची पत्रके निघू लागतात. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. रात्रीची कसारा लोकल, पुढे जीप. अंथरूण-पांघरुणापासून विजेरीच्या जादा सेलपर्यंत सगळे त्यात लिहिलेले असते. रात्रीच्या जेवणानंतर टोप कोण घासणार आणि ते कुठे ठेवणार, एवढे मात्र नसते. मोहीमप्रमुखांशी या वेळी बोलायचे आहे ते त्याबद्दल.

खिचडीच्या टोपात पाणी ओतून झोपायचे आणि सकाळी घासायचे, ही सवय गटागटांत मुरली आहे. घरी खरकटी भांडी रात्रभर पडलेली आईला खपत नाहीत. गडावरच्या गुहेत तर ती मुळीच खपता कामा नयेत. उंदीर भिंतीच्या कडेकडेने येतो, ॲल्युमिनियमचे हलके झाकण सहज सरकवतो, टोपाच्या काठावर फिरतो, तिथेच मुततो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या लघवीतून येतात, ओलाव्यात तग धरतात आणि कोरड्या जागी मरतात. म्हणजे भिजत घातलेला टोप हा त्यांच्यासाठी सोयीचा आणि आपल्यासाठी सर्वांत वाईट. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने या आजाराची साथ सोसली आहे. त्याही आधी, 1896 च्या प्लेगनंतर, उंदरांवरच्या पिसवा रोग पसरवतात हे पक्के करणारे प्रयोग परळच्याच प्रयोगशाळेत झाले. आजची हाफकिन संस्था ती हीच. उंदीर म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळे शिकवायला नको.

टोप घासायचा तो चुलीत निखारे असतानाच. शेवटची वाढ झाली की त्यात दोन तांबे पाणी ओतून परत चुलीवर चढवा. पाण्याला उकळी आली की उलथन्याने बुड खरवडा; करपलेला थरही सुटतो. मग राख आणि मूठभर सुके गवत. राखेतला क्षार तेलकटपणा ओढून घेतो, साबण लागत नाही. टाक्यात भांडे बुडवणे हा तर अपराधच; पाणी वर काढून घ्यावे आणि टाक्यापासून किमान 60 मीटर लांब जाऊन घासावे. खरवड कड्यावरून खाली भिरकावू नये, पिशवीत भरून खाली न्यावी.

घासलेले भांडे फडक्याने कोरडे करा. लहान टोप मोठ्यात, पळी-झारा-सांडशी कापडी पिशवीत घालून त्यांच्या आत, आणि सगळे सपाट दगडावर पालथे. वर एक जड धोंडा. चिंच-कोकम घातलेली आमटी उरली तर ॲल्युमिनियमच्या टोपात रात्रभर ठेवू नका, आंबटाने धातू खाल्ला जातो. ती स्टीलच्या डब्यात काढा. लालबागचा चिवडाही प्लॅस्टिकच्या पुड्यातून घट्ट झाकणाच्या डब्यात गेला पाहिजे. वासावर आलेला उंदीर आत शिरायला वाट नसली तर सॅक कुरतडतो, म्हणून रिकाम्या केलेल्या खिशांच्या चेन उघड्या ठेवाव्यात.

रात्र उंदरांची, पहाट माकडांची. सगळा गट सूर्योदय बघायला गेला आणि भांड्यांपाशी कोणीच नसले, की माकडांचे फावते. अमेरिकेतल्या योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वलांमुळे अन्न पोलादी पेट्यांत किंवा खास डब्यांत ठेवण्याची सक्तीच आहे, कारण एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागलेले जनावर पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी त्याचाच जीव जातो. आपल्या गडांवर अशी सक्ती करणारे कोणी नाही. आपण टाकलेल्या भाताने धीट झालेले माकड पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गटातल्या लहान मुलाच्या हातातला डबा ओढते, आणि गडाखालच्या वाडीत शिरून एखादीचे वाळवण उधळते. याचा मला फार राग येतो, कारण हे अर्ध्या तासाच्या कामाने टळणारे आहे.

स्टोव्हचेही तेच. रॉकेलच्या स्टोव्हची हवा सोडून, गॅसचा बर्नर नळकांड्यापासून सोडवून दोन्ही तंबूबाहेर, आडोशाला ठेवा. थंडी कितीही असली तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत नको. कोंडलेल्या धुराइतकाच न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

डिसेंबरच्या शिबिरांची पत्रके छापायला जाण्याआधी त्यात एक ओळ घाला: प्रत्येक रात्रीसाठी भांड्यांची जबाबदारी घेणाऱ्या दोघांची नावे. आणि ते दोघे कायम नवखे किंवा कायम मुलीच असू नयेत. एका रात्री प्रमुखाचेही नाव असावे.