ढीगभर गिफ्ट्स नक्की कुणासाठी?

दत्तक मुलाला पहिल्यांदा भेटायला जाताना भेटवस्तूंचा ढीग नेऊ नये. एक वस्तू पुरे, तीही छोटी. माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर ते मांडलं आणि मी कंजूस ठरलो.

सांगलीच्या माझ्या आतेबहिणीकडे चार वर्षांची मुलगी येणार आहे. बातमी कळली त्या दिवसापासून आम्हा सातारकरांची यादी वाढतेच आहे: चांदीचे पैंजण, सोन्याची अंगठी, रिमोटची गाडी, तिच्याएवढा टेडी, पाच फ्रॉक, दोन किलो कंदी पेढे. वर फोटोग्राफर. भेट तासाभराची आणि जायला अकरा जण तयार. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला तिच्याजवळ नुसतं बसायचंय रे."

आता त्या मुलीच्या बाजूने बघा. दत्तकाची प्रक्रिया 'कारा'च्या पोर्टलवरून चालते. पालकांना मुलाचा फोटो, अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल दिसतो. मग ४८ तासांत मूल 'रिझर्व्ह' करायचं असतं. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे बटणाला असं नाव कसं पडतं ते मला कळतं. पण खरी अडचण नावाची नाही. पालकांच्या हातात मुलाची अख्खी फाइल असते. मुलाच्या हातात पालकांची कुठली फाइल असते? काहीच नाही. एक दिवस दार उघडतं आणि अनोळखी माणसं डोळे पुसत आत येतात. त्यात तिच्याएवढा टेडी आला, तर ती टेडीकडे बघेल की माणसांकडे?

"अगं, संस्थेतल्या पोराने काही पाहिलेलं नसतं, जरा हौस होऊ दे," असं मावश्या-काकू म्हणतात. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण या वाक्यात मूल रिकामं भांडं आहे आणि आपण भरणारे. मूल रिकामं नसतं. तिथल्या मावशीचा आवाज, शेजारच्या कॉटवरची मैत्रीण, उशाशी घेऊन झोपायचं ते विटकं पांघरूण, हे सगळं तिचं असतं आणि ते एका दिवसात सुटणार असतं. तिच्याच खोलीत बाकीची मुलंही असतात. एकीला पंधरा खोकी मिळताना त्यांनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?

दत्तकाची गोष्ट आपल्या दोन्ही गावांना नवी नाही. १८४८ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. डलहौसीने तो नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. १९०३ मध्ये सांगलीच्या गादीवर आलेले चिंतामणराव पटवर्धनही दत्तकच. पण या गोष्टींत मूल येतं ते गादीसाठी, वंशासाठी, घराण्यासाठी. घराला मूल हवं होतं. मुलाला काय हवं होतं, हे कुणी विचारलं का? आज गादी गेली, पण सवय राहिली. सोन्याची अंगठी, फोटो, स्टेटस हे सगळं घराच्या आनंदासाठीच असतं.

वेगळी गोष्टही याच मातीतली आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचं नायगाव, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. त्यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. त्याला शिकवलं, तो डॉक्टर झाला. काशीबाईंचं नाव त्याच्या गोष्टीतून पुसलं गेलेलं नाही. मुलाला घर देताना त्याचं आधीचं काही काढून घ्यावं लागत नाही, हे यातून दिसतं.

मग न्यायचं काय? खरं तर भेटीच्या आधी पाठवायचं. संस्थेला विचारून एक साधा अल्बम द्या: आई-बाबा, घराचं दार, तिची झोपायची जागा, गल्लीतलं कुत्रं. मावशीने तो तिला रोज दाखवला, तर दार उघडेल तेव्हा चेहरे ओळखीचे असतील. तिच्याकडे असलेली तुमची फाइल ती हीच. प्रत्यक्ष भेटीत हातात मावेल असं एखादं मऊ खेळणं न्या. काही दिवस ते तुमच्या उशाशी ठेवा, म्हणजे घराचा वास त्याला लागेल. तिला काय आवडतं, ती कशी झोपते, हे मावशीला विचारा. निघताना तिचं जुनं पांघरूण मिळत असेल तर मागून घ्या आणि घरी नेल्या नेल्या धुऊ नका.

संस्थेला 'खुशीने' काहीतरी द्यावं, असाही एक सूर असतो. ठरलेल्या शुल्कापलीकडे दत्तकापोटी देणगी घ्यायला संस्थांना नियमाने मनाई आहे. तो विषय तिथेच संपतो.

सोनं, पैंजण, टेडी यांना कुणाचीच ना नाही. वाढदिवस येईल, दिवाळी येईल, तेव्हा हवं ते द्या. तोवर ती तुम्हाला ओळखत असेल आणि काय हवं ते स्वतःच सांगेल.