मोठी बॅटरी, छोटी सोय

वर्धा-आर्वी रस्त्यावरील आंजी (मोठी) येथील कास्तकाराच्या दृष्टीने विजेवरील मोटारीचा प्रश्न ऐटीचा नाही, उपयोगाचा आहे. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची होती. नोव्हेंबर 2024 च्या महिंद्रा बीई 6 मध्ये ती 79 पर्यंत गेली. पल्ला वाढला हे खरे. परंतु वजन आणि किंमतही वाढली. बॅटरी तळाशी बसविल्याने गाडीला स्थैर्य लाभते, मात्र तळ उंचावून मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात. वाऱ्याचा रोध कमी व्हावा म्हणून छप्पर मागे उतरते केले, की डोक्यावरची जागा आटते. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम 3 युनिट वीज मिळते. म्हणजे एवढी बॅटरी भरावयास 24 तासही अपुरे.

धूर न ओकणारे वाहन हवेच, याविषयी दुमत नाही. परंतु सप्टेंबर 2025 पासून सायकल, शेतीचा ट्रॅक्टर आणि ही वीस-पंचवीस लाखांची मोटार, तिन्हींवर वस्तू व सेवा कर 5 टक्केच आहे. ही समता नव्हे, समतेचा विपर्यास आहे. बॅटरी व किंमत जितकी मोठी, तितकी सवलत कमी, हे सूत्र शासनाने स्वीकारावे. त्यातून येणारा महसूल एस.टी.ला द्यावा. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावली. एका कुटुंबाच्या पल्ल्यापेक्षा चाळीस प्रवाशांची फेरी मोलाची, हे ओळखून आंजीसारख्या गावांची मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.