‘पडीक’ जमिनीचे रहिवासी

कोळ्याची नवी जात सापडली की चर्चा होते ती बहुधा तिच्या नावाची. २०१९ मध्ये उडी मारणाऱ्या एका भारतीय कोळ्याला सचिन तेंडुलकर यांचे नाव मिळाले. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातील दुसऱ्या एकाला २६/११ च्या हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांचे. २०२५ मध्ये कर्नाटकातून जाहीर झालेल्या ‘तेंकण जयमंगली’ या कोळ्याच्या नावामागे मात्र कोणी व्यक्ती नाही. ‘तेंकण’ म्हणजे कन्नडमध्ये दक्षिण दिशा आणि जयमंगली ही तुमकूर जिल्ह्यात देवरायनदुर्गच्या टेकड्यांत उगम पावणारी नदी. हा कोळीही तिथेच सापडला.

या शोधाचे महत्त्व केवळ एका जातीपुरते नाही. प्रजाती म्हणजे निकटचे नाते असलेल्या जातींचा गट. येथे संपूर्ण प्रजातीच नवी निघाली. आधी अन्य प्रजातींत मोडल्या जाणाऱ्या दोन जाती जनुकीय पुराव्याच्या आधारे तीत सामावून घेण्यात आल्या. असे काम झटपट होत नाही. काही मिलिमीटरच्या जिवाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, जुन्या संग्रहांतील नमुन्यांशी ते ताडून पाहावे लागतात आणि नवा नमुना पुढील संशोधकांसाठी जतन करावा लागतो.

याहून लक्षणीय आहे तो या कोळ्यांचा अधिवास. त्यांचे आप्त बहुधा घनदाट वनांत राहतात. तेंकण मात्र तुलनेने कोरड्या, मोकळ्या भूभागात जमिनीवर वावरतात. आणि अशा भूभागांकडे पाहण्याची आपली सरकारी दृष्टी कशी आहे? केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाच्या २०१९ च्या आवृत्तीनुसार देशाचे सुमारे ५.५८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास १७ टक्के क्षेत्र ‘पडीक’ आहे. त्यात झुडपी रानांचाही समावेश आहे. एकदा हा शिक्का बसला की त्या जमिनीवर उद्योग, सौरप्रकल्प किंवा सरसकट वृक्षलागवड यांपैकी काहीही आले तरी कोणाचे काही बिघडत नाही, असे गृहीत धरले जाते. गवताळ माळावर झाडे लावणे हेही तिथल्या जिवांच्या दृष्टीने विस्थापनच, हे तर आपल्या गावीही नसते.

सौरऊर्जा देशाला हवी आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न जागा निवडण्यापूर्वी तिथे काय आहे हे पाहण्याचा आहे. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालात ज्ञात जातींचीच यादी येते. ज्या जिवाला अद्याप नावच नाही, तो त्या यादीत येणार कसा? १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०२४ मध्ये देशातील १,०४,५६१ प्राणिजातींची सूची प्रसिद्ध केली. ही कामगिरी मोठी आहे, पण ती पूर्णविराम नव्हे, हे तेंकणने पुढल्याच वर्षी दाखवून दिले.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. वर्गीकरणशास्त्रज्ञांना विद्यापीठांत आणि संग्रहालयांत कायमस्वरूपी पदे मिळावीत. आणि माळराने व झुडपी राने ‘पडीक’ या सदरातून काढून त्यांना परिसंस्था म्हणून स्वतंत्र स्थान द्यावे. जी जमीन आपण रिकामी समजतो, ती बहुधा आपण नीट पाहिलेलीच नसते.