अंध मतदाराचे गुप्त मत

प्रौढ मताधिकाराचे तत्त्व राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने स्वीकारले तेव्हा त्यात डोळस आणि अंध असा भेद केला नाही. आणि मत गुप्त राखण्याची जी हमी कायद्याने नागरिकास दिली, ती अंध नागरिकासही तितकीच दिली. तथापि मतदानकेंद्राच्या दाराशी पांढरी काठी दिसताच “सोबत कोण आलंय?” हाच प्रश्न प्रथम विचारला गेला, तर कायद्याने दिलेली मुभा पाहता पाहता दस्तूर होऊन बसते.

१९६१ च्या निवडणूक नियमांनुसार अंध मतदारास प्रौढ सोबती नेता येतो. त्या सोबत्यास एका दिवशी एकाच मतदाराचे साहाय्य करता येते, व मत गुप्त राखीन असे लिहून द्यावे लागते. ही तरतूद कित्येकांस उपकारक आहे आणि ती राहिलीच पाहिजे. परंतु सोबत्याने सांगितलेलेच बटण दाबले, की घरातल्या कर्त्याच्या वा गावपुढाऱ्याच्या मर्जीतले, हे पडताळण्याचे साधन मतदारापाशी नसते. प्रतिज्ञापत्राने जीभ बांधली जाते, बोट बांधले जात नाही.

वस्तुतः मतदानयंत्राच्या निळ्या बटणांलगत ब्रेल लिपीतील अनुक्रमांक असतात. केंद्रावरील ब्रेल मतपत्रिका बोटांनी वाचावी, पसंतीच्या उमेदवाराचा क्रमांक ध्यानात ठेवावा, कक्षात एकट्याने जाऊन तो क्रमांक चाचपावा आणि बटण दाबावे, इतकी ही रीत सरळ आहे; मात्र ती मतपत्रिका मतदाराने मागण्याची वाट न पाहता केंद्राध्यक्षाने आपण होऊन पुढे केली पाहिजे.

एवढ्यानेही कार्यभाग पुरता साधत नाही. काचबिंदूने वा मधुमेहाने उतारवयात दृष्टी गमावलेल्यांस ब्रेल अवगत असतेच असे नाही. शिवाय मत योग्य उमेदवारास गेल्याची खात्री पटावी म्हणून व्हीव्हीपॅटच्या काचेआड जी चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती अंधांस निरुपयोगी आहे; यंत्राचा ‘बीप’ मत नोंदले गेल्याचे सांगतो, कोणास गेले ते सांगत नाही. उमेदवाराचे नाव हेडफोनमधून केवळ मतदारासच ऐकू येईल अशी जोड या यंत्रास देणे, हाच त्यावरील न्याय्य उपाय होय.

मतदानकेंद्रे आणि निवडणुकीचे सर्व साहित्य दिव्यांगांस सुगम करण्याची जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या ११ व्या कलमाने निवडणूक आयोगावर टाकली आहे. सोबती घ्यावा की न घ्यावा, हा निर्णय सर्वस्वी मतदाराचा असावा. आणि एकट्याने जाऊ इच्छिणाऱ्यास आपल्या मताची स्वतः खात्री करून घेता येईपर्यंत ही जबाबदारी पार पडली, असे आयोगाने मानू नये.